टीटी-०२ बांधून झाली, आता पहिला खर्च कुठे करू?

नवखा_कोथरूड · शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत टामियाची टीटी-०२ घेतली, रिमोटवर चालणारी, स्वतः बांधायची गाडी. १:१० ची टूरिंग कार, शाफ्ट ड्राइव्ह, चारही चाकं ओढणारी. भाचा आठवीत आहे. दोघांनी चार रात्री जागून ती बांधली. मॅन्युअलचं एकेक पान उलटत, पिशव्या क्रमाने फोडत. शेवटच्या रात्री चाकं बसली आणि गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चार पायांवर उभी राहिली, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि आम्ही दोघंही टक्क जागे होतो.

आमच्याकडे दोन जागा आहेत. एक सोसायटीचं तळघर, तिथे ट्रिमिक्स काँक्रीट आहे, गुळगुळीत पण वर कायम बारीक धूळ. दुसरी बाणेरला एका ऑफिसचं पार्किंग. सिक्युरिटीला सांगून, परवानगी घेऊन रविवारी सकाळी ७ ते ९ तिथे चालवतो. तिथलं डांबर खरबरीत आहे.

अडचणी अशा:

वळणात ॲक्सिलरेटर दिला की मागची बाजू सुटते, तळघरात जास्त, डांबरावर कमी. स्टिअरिंग सोडलं की गाडी सरळ येत नाही. कधी किंचित डावीकडे राहते, कधी उजवीकडे, त्यामुळे ट्रिम (रिमोटवरून स्टिअरिंगचा मध्य लावणं) एकदा लावून भागत नाही. आणि भाच्याचं म्हणणं, 'मामा, ही हळू आहे.'

१५ हजार बाजूला काढलेत. ऑनलाइन कार्टमध्ये सध्या हे आहे: निळ्या ॲल्युमिनियमचे चारही सस्पेन्शन आर्म, ॲल्युमिनियमचे पुढचे नकल (चाक धरून वळणारे भाग), ॲल्युमिनियमचा प्रॉप शाफ्ट (मोटारीची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे नेणारी दांडी), आणि एक ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटार व तिचा वेग सांभाळणारा ईएससी अशी जोडी. पैसे भरायच्या आधी म्हटलं इथे विचारावं. तुम्ही माझ्या जागी असतात तर कुठून सुरुवात केली असती?

किटमधलं सगळं मूळचंच आहे: ५४० ची चंदेरी मोटार, ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, तेल नसलेले डँपर (धक्के पचवणारे), प्लास्टिकचे बूश (ॲक्सल ज्यात फिरतो त्या कड्या). रिमोट साधा २.४ गिगाहर्ट्झचा, पिस्तुलासारखा.


भोसरी_लेथ · शनिवार, रात्री ११:०५

कार्ट रिकामी करा. रागावू नका, तुमचे पैसे वाचावेत म्हणून सांगतोय.

मी २० वर्षं एमआयडीसीत लेथवर काम करतो, ॲल्युमिनियम रोज हातात असतं. त्याच्याबद्दल आकस नाही. पण सस्पेन्शन आर्म ही ॲल्युमिनियमची जागा नाही. टामियाचे मूळ आर्म लवचिक प्लास्टिकचे आहेत. कठड्याला चाक आपटलं की आर्म वाकतो, धक्का पचवतो आणि परत जागेवर येतो. ॲल्युमिनियमचा आर्म तसा वाकत नाही. मग तो धक्का पुढे जातो आणि चेसिसमध्ये जिथे पिन बसते तिथलं प्लास्टिक तडकतं. आर्म मोडला तर दहा मिनिटांत बदलता येतो. चेसिस गेली की सगळी गाडी उघडावी लागते. शिवाय आर्म जड झाले की ते वजन नेमकं स्प्रिंगच्या खाली, चाकापाशी वाढतं, आणि खडबडीत डांबरावर चाक जमीन सोडायला लागतं.

पहिला खर्च बेअरिंगवर. दुसरा विचारच नको.

आत्ता एक मागचं चाक काढा आणि हबमधला बूश बोटाने बाहेर ढकला. कडेला काळपट राखाडी पावडर दिसेल. तोच बूश उजेडासमोर धरून भोकातून बघा. महिनाभर चालवली असेल तर भोक गोल राहिलेलं नसेल, एका बाजूने खाल्लेलं दिसेल. त्यात ॲक्सल डुलतो. तुमचं चाक दर वेळी थोड्या वेगळ्या कोनात उभं राहतंय, आणि स्टिअरिंग कधी डावीकडे कधी उजवीकडे राहण्याचा निम्मा दोष इथे आहे.

या गाडीत बहुतेक ठिकाणी ५ बाय ११ बाय ४ मिमीचं बेअरिंग बसतं. हौशी लोक त्याला ११५० म्हणतात. किती लागतात ते मॅन्युअलमध्ये बूशच्या जागा मोजून लिहून काढा आणि दोन-चार जास्तीची घ्या. रबर सील असलेली घ्या, आपल्याकडच्या धुळीत उघडी टिकत नाहीत. बाजारात औद्योगिक बेअरिंगची दुकानं भरपूर आहेत, पण हे छोटं माप सगळीकडे नसतं, म्हणून जाण्याआधी फोन करा.

आणखी एक. टामियाचे स्क्रू जपानी जेआयएस खाचेचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात नीट बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि खाच खातो. बेअरिंग घालायला गाडी उघडणारच आहात, तर आधी एक जेआयएस पेचकस घ्या. पुण्यात बोहरी आळीत शोधून मिळतो, नाही मिळाला तर ऑनलाइन.


तपकीर_गल्ली · रविवार, सकाळी ८:४०

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी विजेचं बोलतो.

आत्ता ब्रशलेस घेऊ नका. ती वाईट असते म्हणून नाही. तुमच्या गाडीत अजून तिची ताकद झेलायची तयारी नाही, म्हणून. आधी बॅटरीकडे आणि जोडणीकडे बघा. किटबरोबर येतो तो पांढरा टामिया कनेक्टर छोट्या करंटला ठीक आहे. मोठ्या करंटला आतली पिन तापते, पिन तापली की ढिली होते आणि ढिली झाली की आणखी तापते. माझ्या पहिल्या गाडीचा कनेक्टर एका उन्हाळ्यात असा वितळला की दोन्ही भाग एकमेकांना चिकटून बसले आणि बॅटरी सोडवायला वायर कापावी लागली. त्याऐवजी एक्सटी-६० कनेक्टर लावा.

डाग देता (सोल्डरिंग करता) येत नसेल तर शिकून घ्या, या छंदात ते चुकत नाही. ६०-४० ची तार आणि निदान ६० वॅटचा आयर्न. जाड वायरला २५ वॅटचा पुरत नाही, वायर उष्णता ओढून घेते आणि डाग थंड बसतो. थंड डाग मळकट, दाणेदार दिसतो; चांगला डाग चकचकीत आणि वायरीच्या आत शिरलेला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत हे सगळं एका फेरीत मिळतं, कनेक्टरसुद्धा.

बॅटरी लायपो (लिथियम पॉलिमर) घ्यायची असेल तर २ सेल, ७.४ व्होल्ट, हार्ड केस. ठरलेलं माप साधारण १३९ बाय ४७ बाय २५ मिमी असतं, तरी आपल्या चेसिसमधली खोबण मोजून मगच घ्या. खोबणीला गोल कडा असतात आणि चौकोनी केस तिथे अडू शकते.

लायपोची काळजी, हात जोडून सांगतो: बॅलन्स चार्जरनेच (प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या) चार्ज करा. ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपियरपेक्षा जास्त देऊ नका. एका सेलचा व्होल्टेज ३ च्या खाली कधी जाऊ देऊ नका. ठेवून द्यायची असेल तर प्रति सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, पूर्ण भरलेली किंवा रिकामी ठेवू नका. बऱ्याच साध्या ईएससीत लायपोचा कटऑफ (व्होल्टेज खाली गेला की वीज तोडणं) नसतो. तुमच्या ईएससीत आहे की नाही ते त्याच्या पत्रकात बघा, नसेल तर बॅलन्स वायरीला लावायचा छोटा अलार्म घ्या. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत लायपो ठेवू नका. माझी एक बॅटरी तशीच उशीसारखी फुगली होती. ती घराबाहेर कुंडीतल्या वाळूत ठेवून मी रात्रभर झोपलो नाही.


हडपसरची_आई · रविवार, सकाळी ११:३०

माझी मुलगी १२ वर्षांची आहे. दोन वर्षं ती ही गाडी चालवते आणि मी तिची मेकॅनिक आहे. टायरबद्दल कोणी काही लिहिलं नाही याचं नवल वाटलं.

किटमध्ये जे टायर येतात त्यांचं रबर कडक असतं. ते मुलांना शिकायला चांगले, पण तुम्हाला 'मागची बाजू सुटते' हीच तक्रार असेल तर सगळ्यात मोठा फरक टायरनेच पडेल. आमच्या अनुभवात दुसऱ्या कशानेही एवढा पडला नाही.

टूरिंग कारचे रबर टायर साधारण २४ किंवा २६ मिमी रुंद असतात, रिम १२ मिमीच्या षटकोनी हबवर बसते. सोरेक्स, स्वीप, रश अशा नावांचे टायर मिळतात. नावापुढे २४, २८, ३२, ३६ असे आकडे असतात. आकडा लहान तर रबर मऊ, थंड रस्त्याला; मोठा तर कडक, तापलेल्या डांबराला. आम्ही डिसेंबरच्या सकाळी २८ लावतो, मार्चनंतर ३६. मे महिन्यात २८ लावून बघितलं होतं. चौथ्या फेरीत टायरवर रबराच्या शेवया निघाल्या आणि गाडी लोण्यावर चालल्यासारखी झाली.

ट्रिमिक्सवर मात्र कुठलंच रबर जादू करत नाही, कारण खाली धूळ आहे. चालवण्याआधी अख्खी जागा झाडा. आम्ही मोठा ओला पोछा मारून जागा वाळू देतो, मग चालवतो. त्या अर्ध्या तासात जेवढी पकड वाढते तेवढी पैसे देऊन मिळत नाही. दर फेरीनंतर ओल्या फडक्याने टायरही पुसा.

टायर रिमला चिकटवताना सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला फेविक्विकसारखा गोंद, अगदी थेंब थेंब. आधी रिमची कड स्पिरिटने पुसा. टायरची कड बोटाने मागे ओढायची, थेंब सोडायचा, कड बसू द्यायची, पुढे सरकायचं. एका चाकाला १० मिनिटं द्या. घाई केली की गोंद ओघळतो आणि टायरच्या बाजूला कडक डाग पडतो, मग तिथे रबर फाटतं. हे मुलांच्या हातात देऊ नका. बाकी सगळं देते मी तिच्या हातात.


रविवारी_सात · रविवार, दुपारी २:१०

सगळे बेअरिंग-टायर सांगताहेत, बरोबर आहे. पण भाचा म्हणतो गाडी हळू आहे, तर त्या मुलाचंही ऐका. आठवीतला मुलगा दोन महिने हळू गाडी चालवून कंटाळला तर बेअरिंग कुणासाठी घालणार? मी तर म्हणेन निम्मे पैसे वेगाला द्या. ब्रशलेस १३.५ टर्न (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे) घाला, पोराच्या चेहऱ्याकडे बघा.


भोसरी_लेथ · रविवार, दुपारी ३:२५

@रविवारी_सात, मुलाचा मुद्दा मान्य. पण वेग मोटार न बदलताही मिळतो. हिशेब करून दाखवतो.

टीटी-०२ मध्ये मूळ स्पर (मोठा गिअर) ७० दात्यांचा, पिनियन (मोटारीवरचा छोटा गिअर) २२ चा, आणि आतल्या गिअरचं गुणोत्तर २.६. म्हणजे ७० भागिले २२ गुणिले २.६, येतात ८.२७. मोटार ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. टायरचा व्यास साधारण ६३ मिमी धरला तर घेर २० सेंमी. चंदेरी मोटार चालताना मिनिटाला १५ हजार फिरते असं धरू. चाक १८१४ वेळा फिरलं, गाडी मिनिटाला ३६३ मीटर गेली, म्हणजे ताशी २२ किलोमीटरच्या आसपास.

आता ६८ चा स्पर आणि २५ चा पिनियन घाला. गुणोत्तर ७.०७. त्याच मोटारीवर ताशी २५ च्या पुढे. पिनियन आणि स्पर दोन्ही मिळून मोटारीच्या किमतीचा अगदी छोटा भाग. फक्त पिनियन एकेक दात्याने वाढवा आणि दर वेळी पाच मिनिटं चालवून मोटारीला बोट लावा. पाच सेकंद बोट ठेवता आलं पाहिजे. नाही ठेवता आलं तर एक दाता मागे या, कारण मोटार जास्त तापली की चुंबक कमजोर होतात आणि ते परत येत नाही.

टीटी-०२ मध्ये मोटार कुठे बसवायची त्या जागा ठरलेल्या आहेत, पिनियनच्या दात्यांप्रमाणे भोकं बदलायची. कुठलं भोक कुठल्या पिनियनला हे मॅन्युअलच्या तक्त्यात आहे, ते डोळ्यांनी तपासा. आणि पिनियनचा बारीक स्क्रू मोटारीच्या शाफ्टवर जी सपाट बाजू असते तिच्यावरच आवळा, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सुटू न देणारा गोंद) एक थेंब लावून. धातूवर धातू असेल तिथेच थ्रेडलॉक. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला लावलं तर प्लास्टिक ठिसूळ होऊन फुटतं.


नवखा_कोथरूड · रविवार, रात्री ९:४५

तुम्ही सगळ्यांनी एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. लेथदादा, बूश काढून बघितला. भोक खरंच अंड्यासारखं झालंय. भाच्याला दाखवलं तर तो पाच मिनिटं उजेडाकडे धरून बघत बसला होता.

कार्ट रिकामी केली. दोन शंका राहिल्यात.

१. स्टिअरिंगचा उरलेला निम्मा दोष कशात? सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटार) बदलावा का?
२. डँपरचं काय? माझ्या डँपरमध्ये नुसती प्लास्टिकची दांडी आणि स्प्रिंग आहे.


तपकीर_गल्ली · सोमवार, सकाळी ७:५५

सर्व्होच्या आधी सर्व्हो सेव्हर बदला. सर्व्होच्या दांडीवर बसणारा तो काळा प्लास्टिकचा भाग. चाक आपटलं की त्याने थोडं वळून सर्व्होचे दाते वाचवायचे असतात. किटमधला फार मऊ असतो. आपटल्यावर वळतो हे बरोबर, पण साध्या वळणातही वळतो आणि परत नेमक्या जागी येत नाही. टामियाचाच हाय टॉर्क सर्व्हो सेव्हर मिळतो, आत जाड स्प्रिंगच्या कड्या असतात. तो टीटी-०२ वाले पहिल्या आठवड्यातच घालतात.

बसवताना एक गोष्ट: आधी रिमोट चालू करा, मग गाडी चालू करा, ट्रिम शून्यावर आणा. सर्व्हो मध्यावर आला की तेव्हाच सेव्हर बसवा आणि स्क्रू आवळा. सर्व्हो बंद असताना अंदाजाने बसवला तर एक दाता इकडे-तिकडे होतो आणि तुम्ही आयुष्यभर ट्रिम फिरवत बसता. मग दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट (चाक किती वळावं याची रिमोटवरची मर्यादा) लावा. चाक पूर्ण वळलं असताना सर्व्हो गुणगुणत असेल तर तो अडून जोर लावतोय, एंड पॉइंट कमी करा.

एवढं करूनही सैल वाटलं तर मग मेटल गिअरचा सर्व्हो. आणि ॲल्युमिनियमचा एकच भाग घ्यावासा वाटला तर तो स्टिअरिंगच्या बेल क्रँकचा (सर्व्होची हालचाल चाकांकडे नेणारा भाग) घ्या. तिथला खेळ टीटी-०२ ची जुनी खोड आहे.


हडपसरची_आई · सोमवार, दुपारी १२:२०

डँपर: टामियाचे सुपर मिनी सीव्हीए घ्या. प्लास्टिकचेच आहेत, तेलाचे, बांधायला सोपे, आणि धातूच्या महागड्या डँपरपेक्षा शिकायला बरे. सिलिकॉनचं तेल वेगवेगळ्या जाडीचं मिळतं. आम्ही ४०० वर सुरुवात केली. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, तेव्हा एक पायरी जाड घ्या, थंडीत एक पायरी पातळ.

भरताना पिस्टन खाली ठेवून तेल ओता, मग पिस्टन अगदी हळू वर-खाली करा. तेलात बारीक बुडबुडे येताना दिसतील. घाई न करता डँपर उभा ठेवून १० मिनिटं तसाच सोडा. बुडबुडे वर येऊन फुटतात. तेल काठोकाठ भरा, आतली रबरी चकती तिरकी लावून एका बाजूने बसवा म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघते, मग टोपी. चारही डँपर कानाशी धरून दाबा. 'फुस्स' आवाज आला की आत हवा आहे, परत उघडायचा. चारही सारखे वाटले पाहिजेत. माझी मुलगी डोळे मिटून करते हे, म्हणते नुसतं बोटांना कळतं.


गावठाण_औंध · मंगळवार, रात्री ११:५०

एक व्यवहारी माहिती. पूर्ण गाडी परदेशातून मागवायचा विचार कोणी करत असेल तर लक्षात ठेवा, खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्यूटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या बजेटमध्ये ७० टक्के. त्यावर जीएसटी वेगळा. म्हणून मी गाडी इथेच घेतली, आणि फक्त इथे न मिळणारे छोटे भाग एकदाच एकत्र मागवतो. लायपो बाहेरून मागवू नका, विमानाच्या नियमांत अडकते.

आणि जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी एक फेरी मारा. तिथे चांगला व्हर्निअर कॅलिपर आणि छोटे पान्हे बघून घेता येतात. व्हर्निअरशिवाय ही गाडी नीट लावता येत नाही.


नवखा_कोथरूड · साडेतीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:३०

मंडळी, हिशेब द्यायला आलो.

एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि दर वेळी बाणेरला मोजून बघितलं. पाण्याच्या आठ बाटल्या ठेवून आठच्या आकाराचा मार्ग, दहा फेऱ्या, सरासरी. घड्याळ भाच्याच्या हातात.

सुरुवातीला फेरी १४.२ सेकंद. बेअरिंग घातल्यावर १३.९. आकडा छोटा वाटतो, पण ज्या दिवशी बेअरिंग घातली त्या दिवशी गाडी उचलून चाक बोटाने फिरवलं तर ते फिरतच राहिलं. आधी अर्ध्या फेरीत थांबायचं. सर्व्हो सेव्हर बसवल्यावर वेळ फारसा बदलला नाही, १३.८, पण दहाही फेऱ्या एकमेकींच्या जवळ आल्या. पूर्वी एक १३ ची तर दुसरी १५ ची असायची. मग टायर, २८ चे. १२.७! ताई, तुमचं शब्दशः खरं ठरलं. शेवटी डँपर आणि २४ चा पिनियन, तो ६८ च्या स्परबरोबर. १२.१. मोटार कोमट राहते, बोट आरामात ठेवता येतं.

अजून साडेपाच हजार शिल्लक आहेत. भाचा आता हळू म्हणत नाही, 'मामा अजून एक फेरी' म्हणतो.

पण एक अडचण उरलीये. सरळ रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की गाडी थोडी एका बाजूला ओढते, आणि सोडला की सरळ येते. ट्रिम बरोबर आहे, कारण हळू चालवताना एकदम सरळ जाते. हे काय आहे?


भोसरी_लेथ · रविवार, दुपारी १२:०५

आकडे बघून छाती भरून आली. घड्याळ भाच्याच्या हातात दिलंत हे सगळ्यात आवडलं.

ओढण्याची दोन कारणं असू शकतात. एक: टीटी-०२ मध्ये मोटार गाडीच्या लांबीत बसते आणि स्पर थेट प्रॉप शाफ्ट फिरवतो. मोटार जोर लावते तेव्हा तिच्या उलट दिशेचा मरोड चेसिसला बसतो. गाडी किंचित एका बाजूला कलते आणि त्या बाजूच्या चाकांवर भार वाढतो. शाफ्टच्या गाड्यांत हे थोडं असणारच, बेल्टच्या गाड्यांत मोटार आडवी असते म्हणून तिथे असं होत नाही. ५४० च्या मोटारीला हा मरोड बारीक असतो. तुम्ही ब्रशलेस घातली असतीत तर तो मोठा झाला असता.

दोन: चेसिस पिळलेली आहे. स्क्रू आवळताना एका बाजूला जास्त जोर लागला की प्लास्टिकची चेसिस किंचित पिळते. हे तपासा. गाडी बॅटरीसकट सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा. पेचकसाचं टोक पुढच्या बाजूला नेमक्या मधोमध खाली घाला आणि हळूहळू उचला. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी उचलली पाहिजेत. एक आधी उचललं तर पीळ आहे. मग वरच्या भागाचे सगळे स्क्रू ढिले करा, गाडी ओट्यावर दाबून ठेवा आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत परत आवळा. मागूनही तसंच बघा.


तपकीर_गल्ली · रविवार, दुपारी १:४०

तिसरी शक्यता पण बघा: डिफरन्शियल (डिफ), म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर. किटमध्ये तो उघडा असतो, आत साधं ग्रीस. गाडी उचलून धरा, स्पर बोटाने अडवा, पुढचं एक चाक फिरवा. दुसरं उलटं फिरेल. ते जर अगदी सहज, पाण्यासारखं फिरत असेल तर ताकद हलक्या चाकाकडे पळतेय.

टामियाचं एडब्ल्यू ग्रीस घ्या, चिकट आणि जाड. पुढचा डिफ उघडा, जुनं ग्रीस कापडाने पूर्ण काढा, छोट्या आणि मोठ्या बेव्हल गिअरच्या दात्यांमध्ये एडब्ल्यू भरा. दाते झाकले जातील इतकं, डबा ओसंडेल इतकं नाही. बंद करून परत चाक फिरवा. आता ते मधातून फिरल्यासारखं वाटेल. मागचा डिफ थोडा सैलच ठेवा, नाहीतर वळणात मागची चाकं भांडतील आणि ताईंच्या टायरने मिळालेली पकड घालवून बसाल.


नवखा_कोथरूड · तीन दिवसांनी, बुधवार, रात्री १०:५०

काल रात्री ओट्यावर गाडी ठेवली. पेचकस घालून उचलली तर डावं चाक आधी उठलं, कागद सरकेल एवढ्या फरकाने. भाच्यानेच आधी बघितलं, माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. वरचे सगळे स्क्रू ढिले केले, परत आवळले. तिसऱ्या वेळी दोन्ही चाकं बरोबर उठली. एक स्क्रू इतका आवळलेला होता की प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली होती. तो पहिल्या रात्री मीच लावला होता.

आज पुढच्या डिफमध्ये एडब्ल्यू भरलं. हाताला लागलं ते अजून निघत नाहीये. चाक फिरवून बघितलं, खरंच मधासारखं. तळघरात दोन मिनिटं चालवली, ओढणं जवळजवळ गेलंय. खरी परीक्षा रविवारी बाणेरला.

उरलेल्या पैशांतून एक लायपो, अलार्म आणि बॅलन्स चार्जर. मोटार तीच राहणार.


हडपसरची_आई · बुधवार, रात्री ११:२०

रविवारी आम्हीही येऊ का बाणेरला? परवानगी असेल तर. मुलीला दुसऱ्या गाडीबरोबर चालवायचंय. पोछा आणि बादली मी आणते.


नवखा_कोथरूड · बुधवार, रात्री ११:३२

नक्की या ताई. सिक्युरिटीवाल्या काकांना उद्याच विचारून इथे लिहितो. ७ वाजता गेटपाशी. बाटल्या माझ्याकडे आठ आहेत, आणखी चार-पाच आणल्यात तर मोठा मार्ग होईल.


भोसरी_लेथ · गुरुवार, सकाळी ६:१५

मीही येतो. जेआयएस पेचकसांचा संच, व्हर्निअर आणि जास्तीची सहा ११५० बेअरिंग माझ्या पिशवीत असतील. भाच्याला सांगा, घड्याळ त्याच्याकडेच.